वालाच्या खाचरातला फुटबॉल

"मान सोड! अरे मेल्या, मान सोड तिची! पंखांखाली हात घाल, पंखांखाली! गळा दाबलास तर पेनल्टी देतील!"

ही आरोळी ऐकून त्या सकाळी अर्धं पोलादपूर दाराबाहेर आलं आणि उरलेलं अर्धं दाराआड गेलं. कुणाचा तरी खून चाललाय एवढं सगळ्यांना कळलं होतं. कुणाचा, ते बघायला जायची छाती थोड्यांचीच. जे गेले त्यांनी पाहिलं ते असं: कापणी झालेल्या भाताच्या खाचरात दोन बांबू रोवलेले, वर काथ्याची दोरी बांधलेली. बांबूंच्या मधोमध आमचा धोंडू उभा, आणि धोंडूच्या हातात एक तांबडी तलंग, नुकती अंड्यावर आलेली कोंबडी, जिवाच्या आकांतानं कोकलते आहे. समोर चाळिशीचा एक गृहस्थ. अंगात पट्ट्यापट्ट्यांची बनियन, खाली खाकी हाफपँट, दोन्ही हात आभाळाकडे.

तलंगीची मालकीण, म्हणजे त्या गृहस्थांची थोरली वहिनी, पदर खोचत धावत आली.

"भावोजी! माझी तलंग!"

"वैनी, तलंग नाय ती. आजपासून बॉल हाय."

"बॉल हाय? आन् अंडी कोण घालणार? तुमची टीम?"

गावातल्या एकाही माणसाला हसू आलं नाही. हसायला आधी तोंड मिटावं लागतं. आमची सगळ्यांची उघडीच राहिली होती.

या गृहस्थांना गावात कुणी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. घरात दोन भाऊ. शेत सांभाळायचे ते थोरले. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला गिरणीत गेले आणि डोक्यात चांदी घेऊन परत आले ते धाकले. आम्हा पोरांचे धाकले काका. मुंबईहून कायमचा परत येणारा माणूस सोबत काय आणतो? बायांना लुगडी, पोरांना बिस्किटं, शेजाऱ्यांना गप्पा. धाकले एस्टीतून उतरले तेव्हा त्यांच्या बगलेत चामड्याचा बॉल होता आणि छातीत खोकला. बॉल त्यांनी गावभर दाखवला. खोकला कुणाला दाखवला नाही, पण तो काही लपून राहणाऱ्यातला नव्हता. पहाटे ते खोकायला लागले की वडावरचे कावळे उठायचे, कावळे उठले की आमच्या आया उठायच्या, आणि आया उठल्या की आमची प्रॅक्टिस सुरू.

लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "टीम कम्प्लीट होऊ दे, मग बघू."

गिरणीच्या टीमचे आपण फुलबॅक होतो, असं ते सांगत. एकदा म्हणे सेमीफायनलला त्यांनी परळच्या मैदानात असा काही बॉल हाणला की तो भायखळ्याला सापडला, आणि तोही ज्याला सापडला त्यानं ट्रामचं तिकीट काढून परत आणून दिला. आमच्यातल्या कुणी मुंबई पाहिली नव्हती, त्यामुळे आमचा विश्वास बसला. पुढे मी मुंबई पाहिली, परळ ते भायखळा चालून पाहिलं, आणि सांगतो, माझा विश्वास अजून बसलेलाच आहे. कारण धाकल्यांनी आमच्या डोळ्यांदेखत जे केलं, त्यापुढे हे काहीच नव्हतं.

पहिला धक्का हाफपँटचा. घरदार असलेला, खानदानी मराठ्याचा मुलगा, चाळिशीत, भर बाजारातून हाफपँट घालून जातो! थोरले त्या दिवशी घराच्या मागच्या दारानं शेतावर गेले आणि आठवडाभर मागच्याच दारानं जात-येत राहिले.

दुसरा धक्का भाताचा. धाकल्यांनी हुकूम काढला: खेळणाऱ्यानं भात खायचा नाही. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं, बास. "भात खाल्ला का पाय झोपतात. भात हा बघणाऱ्यांचा आहार हाय." आता आमच्या सबंध खोऱ्यात भाताशिवाय पिकतं काय? भात लावायचा, भात कापायचा, भात झोडायचा, आणि जेवायला बसल्यावर म्हणायचं, नको! मी घरी ताट सरकवलं तेव्हा माझी आई पांढरीफटक पडली. म्हणाली, "भात नाय खायचा? कोणाचं सुतक हाय रे? मला सांगितलंत नाय ते?" आणि माझं उत्तर यायच्या आत तिनं माहेरच्या माणसांच्या नावानं गळा काढला. समजूत घालायला शेजारच्या बाया आल्या, त्यांनाही रडू आलं. भाताच्या पायी आमच्या आळीत एक खरंखुरं रडगाणं झालं, आणि ज्याच्यासाठी रडले तो कोण, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

शिट्टी ते दोन बोटं तोंडात घालून मारत. त्या शिट्टीनं आम्ही थांबायचो हे ठीक, पण वरच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचे बैलही थांबायचे. एकदा घाट उतरणाऱ्या ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक लावला, खाली उतरला, हात जोडून म्हणाला, "साहेब, लायसन घरी राहिलं." धाकल्यांनी त्याला माफ केलं आणि डाव्या विंगला दम पुरत नाही म्हणून चार शब्दही सुनावले. तो बिचारा "परत असं होणार नाही" म्हणून गेला.

बॉलाला 'लाथ मारा' असं कुणी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "लाथ गाढव पण मारतं. बॉलाला निरोप द्यायचा. जा बाबा, अमक्याच्या पायाशी जा, असं त्याला समजावून सांगायचं." आणि खरंच ते सांगायचे. बॉल हातात घेऊन, तोंड जवळ नेऊन, हळू आवाजात. काय सांगायचे ते आम्हाला कधी ऐकू आलं नाही, पण बॉल मात्र जायचा.

पण या सगळ्यावर कडी केली ती आंबेनळीनं.

दम वाढावा म्हणून धाकले आम्हाला बॉल खेळवत आंबेनळी घाट चढायला लावत. चढायचा म्हणजे पळत, आणि धाकले मागून ओरडत. एका वळणावर आमच्या बाळारामनं, हा आमचा पुढचा खेळाडू, बॉलाला जो निरोप दिला तो चुकीच्या पत्त्यावर गेला. बॉल कठड्यावरून उडाला आणि दरीत दिसेनासा झाला. धाकले कठडा ओलांडून आमच्या आधी खाली निघाले. गावात एकच बॉल, तोही गेला. आम्ही झाडाझुडपांतून घसरत, बोरांट्यांनी फाटत खाली उतरलो. अंगावर चड्डीएवढाच कपडा शाबूत असताना आम्हाला एक धनगरवाडी लागली. पहिल्याच झोपडीत चुलीवर मोठं मडकं, आणि मडक्यासमोर एक म्हातारी फुंकणीनं फुंकते आहे.

"आजी, वरनं काय गोल पडलेलं बघितलंत?"

"बघितलं म्हंजे? दारातच पडला. भोपळा हाय कसला तरी. मघापासनं शिजतोय," म्हातारी वैतागून म्हणाली, "पण मऊच होत नाय रे बाबा. कुठल्या मुलखाचा हाय?"

आम्ही मडक्यात डोकावलो. बॉल रटरट उकळत होता. मीठ पडलेलं होतं.

आता धाकले फेफरं येऊन पडणार, म्हणून आम्ही दोघांनी त्यांना दंडाला धरलं. त्यांनी हात सोडवून घेतले. काठीनं बॉल बाहेर काढला, पंच्यात गुंडाळला, आणि म्हातारीसमोर मांडी घालून बसत म्हणाले, "आजी, रस्सा वाटीत द्या."

प्यायले! आमच्या डोळ्यांदेखत प्यायले. मिशी पुसली आणि म्हणाले, "बसा सगळे. बॉल आपल्या अंगात जायची संधी परत येणार नाय."

आम्ही सगळे प्यायलो. त्यानंतर मी मोठमोठ्या लग्नांत जेवलो, पण कुठल्याही रश्श्याला पाठीमागून चामड्याची एक हलकीशी चव लागल्याशिवाय राहात नाही.

हे सगळं कशासाठी? महाडसाठी. पोलादपूरच्या माणसाला महाडला जायचं म्हणजे दाव्याला, दाखल्याला नाहीतर दवाखान्याला. बाजार त्यांचा, कोर्ट त्यांचं. आम्हाला ते 'डोंगरातले' म्हणायचे. संक्रांतीनंतर दरवर्षी त्यांच्या पोरांशी आमच्या पोरांची मॅच व्हायची, आणि आदल्या वर्षी तर त्यांचे गोल मांडता मांडता फळ्यावाल्याचा खडू संपला होता.

खेळायला जागा हवी होती. आमच्याकडे सपाट अशी एकच गोष्ट, भाताचं खाचर. पण भात कापलं की खाचर रिकामं नसतं. जमिनीत उरलेल्या ओलीवर लगेच, मार्गेसरात म्हणजे मार्गशीर्षात, वाल पेरतात, आणि शेंगांवर उन्हाळा निघतो. धाकल्यांनी थोरल्यांकडे घराखालची दोन खाचरं मागितली, तेव्हा मी बांधावरच उभा होतो.

"दादा, एक मोसम दे. फक्त एक."

थोरल्यांनी विळा कमरेला अडकवला. "आजपातूर ह्या खाचरात आपण वाल पेरला. तू काय पेरणार? पोरं?"

"महाडला हरवतो की नाय बघ."

"आन् हरलात तर?"

धाकले ताठ झाले. "हरलो तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं मुंबयला. गिरणीच्या खात्यात परत. पुन्हा ह्या खाचराचं नाव काढणार नाय. शब्द हाय."

माझ्या पायाखालचा बांध सरकला. 'खात्यात परत' म्हणजे काय ते आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. तिथला कापसाचा भुगा छातीत घेऊन तर ते आले होते. गिरणीच्या डॉक्टरनंच त्यांना गावी जा म्हणून सांगितलं होतं, असं आमच्या आया कुजबुजायच्या. पुन्हा गेले तर काय होईल हे थोरल्यांना आमच्याहून जास्त कळत होतं. मला वाटलं, आता ते म्हणतील, कसला शब्द नि कसलं काय, गप घरात चल.

थोरले म्हणाले, "बरं. हरलात का नांगर घालतो आन् वाल टाकतो. बी निवडून ठेवतो."

बस्स. एवढंच! आणि नुसतं बोलून थांबले नाहीत. रोज संध्याकाळी आमची प्रॅक्टिस चालू असताना थोरले बांधावर येऊन उकिडवे बसायचे, मुठीत वालाचं बी घेऊन ते या हातातून त्या हातात करायचे. तो खुळखुळ आवाज आम्हाला मैदानभर ऐकू यायचा. सख्खा भाऊ इतका दगड असू शकतो, याचा आम्हाला इतका धक्का बसला होता की आम्ही त्यांच्याकडे बघायचंच टाळायचो.

एक अट आणखी होती. दोन खाचरांमधला बांध मोडायचा नाही, तो आजानं घातलेला. त्यामुळे आमच्या मैदानाच्या बरोबर मधून गुडघाभर उंचीचा बांध गेला होता. पळत आलं की बॉल पायावर उचलायचा, बॉलासकट बांधावरून उडी मारायची, पलीकडे पुन्हा पळायचं. महिन्याभरात आम्ही खाली न बघता उडायला लागलो.

आणि कोंबड्या. त्या एकुलत्या एक बॉलाला ठिगळांवर ठिगळं, धोंडूला गोलकीपर म्हणून घडवायला तो दिवसभर वापरणं परवडेना. धाकले विचारात पडले. "कुठं वळेल ते स्वतःलाच माहीत नसतं, असं गावात दुसरं काय हाय रे?"

"कोंबडी," धोंडू म्हणाला. तो बोलायचा कमी.

अशी ती सुरुवात. आम्ही खाचराच्या टोकाकडून थोरल्या काकींच्या कोंबड्या हुसकायच्या, धोंडूनं गोलात उभं राहून त्या धरायच्या. धरलेली कोंबडी पुन्हा खेळात येऊ नये म्हणून बांबूंच्या मागे बांबूचंच डालगं पालथं घालून ठेवलेलं, कोंबड्या झाकतात ते. धरली, वळला, पाठीवर हात ठेवून दाबली, डालग्याखाली सारली, की पुन्हा पुढे तोंड. पहिल्या दिवशी ती तलंग मरता मरता वाचली. पण पौष लागला तोवर धोंडूचा हात असा बसला, की कोंबडीला आपण धरलो गेलो हे डालग्याखाली गेल्यावर कळायचं. बघायला शेजारच्या गावांतून, कापड्याची, देवळ्याची माणसं यायची. काकी आधी रडायच्या, मग दारात बसून बघायला लागल्या, मग तिथूनच ओरडायला लागल्या: "धोंडू, डावीकडची बघ रे! ती खोडकर हाय, आधी उजवीकडं दाखवते!" आमच्या टीमला मग एक नाही, दोन कोच होते.

मॅचच्या दिवशी आम्ही पेंढ्याच्या ट्रकमधून महाडला गेलो. चवदार तळ्याजवळ उतरून नदीकाठच्या मैदानापर्यंत चालत. महाडची पोरं एका रंगाच्या बनियनमध्ये, पायांत बूट. आम्ही अनवाणी, आणि अंगाला पेंढा.

"बॉल खायचा नसतो हं!" त्यांचा एक लंबू ओरडला. आंबेनळीची बातमी आमच्या आधी पोचली होती.

"आम्ही जेवून आलो," धोंडू म्हणाला. "उष्टा तुमच्यासाठी आणलाय."

पंच म्हणून नाते गावच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर होते. आणि गर्दीच्या पाठीमागे, चिंचेखाली कोण? थोरले! मी जवळून पळत गेलो तेव्हा न विचारताच म्हणाले, "कोर्टात तारीख होती, म्हणून आलो." त्या दिवशी रविवार होता.

खेळ सुरू झाला आणि पहिला धक्का महाडलाच बसला. बाळाराम बॉल घेऊन सुसाट सुटला, मैदानाच्या मध्यावर आला, आणि तिथं बांध नसताना त्यानं बांध ओलांडला! बॉल पायावर, दोन्ही पाय हवेत. त्याला आडवं पाडायला महाडचा बॅक पाय पसरून घसरत आला होता, तो खालून तसाच घसरत गेला, तो थेट बायकांच्या घोळक्यात थांबला. त्याच्या मागून मी उडालो, माझ्या मागून आणखी दोघं. मैदानाच्या मध्यावर आलं की आम्ही सगळे हरणांसारखे उडत होतो. महाडच्या पोरांना वाटलं आम्हाला काहीतरी दिसतंय जे त्यांना दिसत नाही. त्यांतला एक खाली वाकून जमीन चाचपून बघायला लागला, तेवढ्यात बाळारामनं गोल केला.

पोलादपूरनं महाडवर गोल केला! धाकल्यांनी दोन बोटं तोंडात घालून जी शिट्टी मारली, त्यानं म्हणे बिरवाडीच्या रस्त्यावरची एस्टी थांबली.

पुढे महाडनंही एक फेडला. एक-एक. खेळ सरत आला. बरोबरी चालणार होती. शब्द 'हरलो तर' असा होता, आणि बरोबरीत कुणी हरत नाही. धाकले राहणार होते. आम्ही सगळे गोलापुढे भिंतीसारखे उभे राहिलो. खोकला आवरायला तोंडात पंचा कोंबून धाकले रेषेवर उकिडवे बसले होते.

आणि त्या लंबूनं बॉल हाणला.

तो आमच्या डोक्यांवरून गेला. वाटेत वाकला, कोपऱ्याकडे निघाला. आधी उजवीकडे दाखवून डावीकडे! आणि धोंडू उडाला. माणूस इतका आडवा हवेत मी त्याआधी पाहिला नाही, त्यानंतरही नाही. दोन्ही हात बॉलाच्या खालून, जिथं पंख असते तिथं. धरला! छातीशी धरला, पायांवर उभा राहिला. मग टाळ्या सुरू झाल्या. महाडच्या लोकांनी वाजवल्या, देवाशपथ. ड्रॉइंग मास्तरांनीही हात उचलला होता.

आणि धोंडू वळला.

आम्ही बघत होतो. तो वळला, गोलाच्या आत दोन पावलं गेला, वाकला, बॉल हळूच जमिनीवर ठेवला, त्याच्या पाठीवर डाव्या हाताचा तळवा दाबून धरला, आणि उजव्या हातानं आजूबाजूला काहीतरी चाचपायला लागला.

मास्तरांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. त्यांनी ती शोधून, पुसून, अगदी नाइलाजानं वाजवली. महाडच्या लंबूनंही आनंद केला नाही. आपण गोल केला की नाही हे तो शेजाऱ्याला विचारत होता.

धोंडू तसाच बसून राहिला. हात बॉलावर. आपण काय केलं ते त्याला कळलं होतं, पण हात उचलला की ते खरं होईल, म्हणून तो उचलत नव्हता. आम्ही धाकल्यांकडे बघितलं. आता हा माणूस धोंडूला जिवंत सोडत नाही.

धाकले उठले. तोंडातला पंचा काढला. सगळं मैदान तुडवत गोलापर्यंत गेले, धोंडूच्या शेजारी गुडघे टेकून बसले, आणि त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "सोड आता. नाय पळणार तो."

आयुष्यात मला त्या माणसानं खूप धक्के दिले. त्यातला हा सगळ्यात मोठा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे पोलादपूरच्या स्टँडवर होतो. धाकले फुलपँट घालून, शेजारी लोखंडी ट्रंक ठेवून उभे. आम्ही रडतोय हे बघून म्हणाले, "डिफेन्स चांगला होता," आणि खोकत पाठ फिरवली. धोंडू आला होता, पण खांबाच्या मागे. मुंबईची गाडी लागली. कंडक्टरनं घंटीची दोरी हातात धरली.

एवढ्यात थोरले आले. घाईत नाही, शेतावर जाताना चालतात तसे. आले आणि ट्रंकेला हात घातला. आम्हाला वाटलं, गाडीवर चढवून देतायत. माणूस जातोय तर निदान हात लावावा, एवढी तरी माया.

"राहू दे दादा, मी चढवतो."

"कुठं चढवतोस? ही ट्रंक कोणाची?"

"माझी. म्हंजे... आबांची."

"आबांची म्हंजे घरातली. घरातली वस्तू बाहेर न्यायची तर थोरल्याला विचारतात. विचारलंस?"

धाकले गोंधळले. "पण दादा, माझे कपडे आत हायत. आन् शब्द दिलाय मी."

"शब्द घेऊन जा की. शब्दाला कोण अडवतंय? ट्रंक देणार नाय."

आणि त्या माणसानं, ज्याच्यासमोर गावातले चार लोक वाकत होते, ज्यानं आयुष्यात स्वतःची छत्रीसुद्धा गड्याकडे दिली होती, त्यानं भर बाजारात ती ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि घराकडे चालू पडला. सगळा बाजार दुकानांतून बाहेर आला. धाकले एका पायानं गाडीच्या पायरीवर, एका पायानं रस्त्यावर. "दादा! अरे दादा!" गाडीतली माणसं माना बाहेर काढून बघत होती. कंडक्टर ओरडला, "ओ हाफपँट! म्हंजे, फुलपँट! येताय का नाय?" थोरले वळूनही बघेनात. ट्रंक निघाली, ट्रंकेमागे धाकले निघाले, आणि गाडी रिकाम्या पायरीनं मुंबईला गेली.

संध्याकाळी आम्ही पोरं चोरून खाचराकडे गेलो. आता तिथं नांगर चालू असणार, निदान बांबू उपटलेले असणार. सगळं जिथल्या तिथं होतं. थोरले बांधावर बसले होते, हात रिकामे. घरातून धाकल्यांचा खोकला ऐकू येत होता, आणि काकी त्यांना काढा प्या म्हणून दरडावत होत्या.

शेवटी मीच धीर केला. म्हटलं, "थोरले काका, शब्द होता ना? हरलो तर नांगर घालणार होतात. वाल कधी टाकणार?"

थोरल्यांनी खाचरातलं एक ढेकूळ उचललं, चुरलं, त्याची धूळ वाऱ्यावर सोडली.

"वालाची ओल मार्गेसरातच गेली," ते म्हणाले.